बावीस की तेवीस

माझं काम मापं तपासण्याचं आहे. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी अठ्ठावीस वर्षं नोकरी करतो. कारखान्यांतून, दवाखान्यांतून, बेकऱ्यांमधून आमच्याकडे थर्मामीटर, वजनकाटे, दाब मोजायची घड्याळं येतात. ती खरं सांगतात की नाही हे आम्ही पाहतो, आणि चुकत असतील तर कितीने चुकतात ते लिहून देतो. या कामाने एक सवय लागते. समोर काहीही आलं की मी आधी आकडा शोधतो.

त्यामुळे बायको आजारी पडली आणि मी वही काढली, याचं घरात कुणाला नवल वाटलं नाही.

पहिली नोंद सोमवारची आहे. 'दोन्ही पायांच्या बोटांना मुंग्या.' बुधवारी, 'जिना चढताना उजवा गुडघा दुमडला.' गुरुवारी तिच्या हातातून चहाचा कप पडला. शुक्रवारी सकाळी तिला पलंगावरून उठता आलं नाही, आणि दुपारी आम्ही हॉस्पिटलात होतो. डॉक्टरांनी सांगितलं, जीबीएस. शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती नसांच्या आवरणावर उलटते. कशामुळे? नक्की सांगता येत नाही. बरी होईल? बरेचसे होतात. किती दिवसांत? प्रत्येकाचं वेगळं. मी तीन प्रश्न विचारले आणि एकाचंही उत्तर आकड्यात मिळालं नाही.

ती चौतीस दिवस हॉस्पिटलात होती. त्यातले अकरा अतिदक्षता विभागात, आणि त्या अकरांतले आठ श्वासाच्या मशीनवर. घशात नळी, हातपाय हलत नाहीत, पण डोकं पूर्ण जागं. पापण्या एकदा मिटल्या म्हणजे हो, दोनदा मिटल्या म्हणजे नाही. मला दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं आत सोडत. मी विचारायचो, दुखतंय का? ती एकदा मिटायची. त्यापुढे काय विचारावं ते मला सुचायचं नाही. मग मी तिला घरच्या गोष्टी सांगायचो. मोगऱ्याला पाणी घातलं. गॅस आला. तुझी आई बरी आहे, तुझ्या पलंगाची चादर रोज बदलते, कोणी झोपलेलं नसलं तरी.

आम्ही बोरिवलीतल्या एका गावठाणात राहतो. ईस्ट इंडियन कॅथलिक, मूळचे इथलेच. घर तळमजल्याचं, पुढे ओटला, ओटल्यासमोर गल्लीतला दगडी क्रूस. माझे सासरे गेल्यापासून सासूबाई आमच्याकडेच असतात. वय एक्क्याऐंशी. त्यांची बोली जुनी, गावठाणातली, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला कळतं आज आमच्याकडे बोंबील की कोलंबी.

बायको घरी आली तेव्हा तिचा पलंग आम्ही पुढच्या खोलीत, खिडकीपाशी लावला. बोलता येत होतं, गिळता येत होतं. मान फिरवता येत होती. हात कोपरापासून थोडे हलायचे, बोटं मिटायची पण पकड नव्हती. पाय नुसते होते. फिजिओथेरपिस्ट बाई आठवड्यातून चार दिवस येत. पकड मोजायची एक साधी रीत त्यांनी मला दाखवली. रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा गुंडाळून त्यात वीसपर्यंत हवा भरायची, तो तिच्या मुठीत द्यायचा आणि दाबायला सांगायचं. पारा जितका चढेल तितकी पकड. पहिल्या दिवशी तो वीसवरून चोवीसवर गेला. यंत्र मी प्रयोगशाळेत नेऊन तपासून आणलं होतं, म्हणजे ते चार खरे चार होते.

हे सगळं मी सांगतोय, पण माझी खरी काळजी वेगळी होती आणि ती वहीत लिहिता येत नव्हती.

माझी बायको आमच्या चर्चमध्ये एकोणीस वर्षं रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेत होती. आमच्या दोघांत भक्ती तिची आणि वेळ माझी. मी रविवारच्या उपासनेला, मिस्सेला, सात मिनिटं आधी पोचणारा, कोणत्या रविवारी प्रवचन किती मिनिटं चाललं ते लक्षात ठेवणारा. ती मात्र देवाशी घरातल्या माणसासारखी बोलायची. भात उकडताना, कपडे वाळत घालताना. 'बघ हां, आज पोरीची परीक्षा आहे, जरा तिकडे लक्ष ठेव,' असं ती सहज म्हणायची, आणि मला वाटायचं ती माझ्याशीच बोलतेय.

घरी आल्यापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती. एकदाही नाही. संध्याकाळी सासूबाई तिच्या पायाशी बसून हातातल्या माळेवर रोजरी म्हणायच्या आणि ही खिडकीकडे मान वळवून डोळे मिटायची. मला आधी वाटलं, थकली असेल.

भेटायला येणारे खूप होते. प्रेमाने यायचे, डबे आणायचे. आणि जाताना काहीतरी बोलून जायचे. देवाची इच्छा. देव आवडत्या माणसाचीच परीक्षा घेतो. तुझी श्रद्धा मोठी, म्हणून तुलाच दिलं. एक बाई तर म्हणाल्या, "लकी आहेस हां तू, देवाच्या दुःखात तुला वाटा मिळाला." त्या गेल्यावर बायको म्हणाली, "तिला म्हणावं माझा पण वाटा तूच घे ना." मी हसलो. ती हसली नव्हती.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी चर्चमधून एक अंकल आजाऱ्यांच्या घरी कम्युनियनची पवित्र भाकर घेऊन येतात. निवृत्त माणूस, पांढरा शर्ट, वेळेचा पक्का. त्या दिवशी मी रजेवर होतो; आमच्यासह त्यांची सात घरं होती. सासूबाईंनी टेबलावर पांढरं कापड घातलं, मेणबत्ती लावली. अंकलनी प्रार्थना म्हटली, छोट्या डबीतून भाकर काढली आणि तिच्या ओठांशी नेली. तिने तोंड उघडलं नाही.

अंकल थांबले. परत म्हणाले, "ख्रिस्ताचं शरीर." तिने ओठ आणखी घट्ट केले आणि खिडकीकडे बघितलं.

"गिळायला त्रास होतो का हो अजून?" त्यांनी मला हळू आवाजात विचारलं.

सकाळी आठ वाजता तिने बशीभर पोहे खाल्ले होते. मीच भरवले होते. मी म्हणालो, "हो, होतो."

अंकलनी डबी बंद केली, तिच्या कपाळावर क्रूस काढला आणि पुढच्या घरी गेले. कागदावर कधी एक दशांशही खोटा लिहिला नाही असा मी माणूस, देवाच्या समोर, मेणबत्ती जळत असताना सरळ खोटं बोललो. ते मला दिवसभर टोचत राहिलं.

दुपारी तिला कुशीवर वळवताना मी विचारलं, "काय झालं गं सकाळी?"

"काही नाही."

"मग?"

तिने गाल उशीवर टेकवला. मग म्हणाली, "तोंड उघडलं असतं तर भलतंच काहीतरी बोलले असते. त्याला. त्या अंकलसमोर."

"काय बोलली असतीस?"

"आत मशीनवर होते ना, मी बोलावत होते रे त्याला. ओरडता येत नव्हतं, तर मनातल्या मनात ओरडत होते. सकाळ-संध्याकाळ. कोणी आलं नाही. आता सगळे येऊन सांगतात, तो तिथेच होता. होता तर मग मी काय बहिरी होते?"

मी उशी नीट केली. ती म्हणाली, "एकोणीस वर्षं पोरांना सांगितलं, हाक मारा, तो ऐकतो. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

त्या दिवसापासून मला पायांपेक्षा याची भीती जास्त वाटू लागली. पाय कदाचित येतील, असं डॉक्टर तरी म्हणत होते. पण या बाईच्या आतलं जे बोलणं थांबलं होतं, ते परत येईल असं सांगणारं कोणी नव्हतं. आणि ते आलं नाही तर जी उठून चालू लागेल ती कोण असेल, हे मला कळत नव्हतं.

सासूबाईंना मी काही सांगितलं नाही, पण त्या आंधळ्या नव्हत्या. म्हणजे मोतीबिंदूमुळे वाचता येत नव्हतं, बाकी सगळं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मला सुट्टी. त्या स्वयंपाकघरातून आल्या आणि त्यांनी एक जुनं प्रार्थनेचं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. पानं सुटलेली, दोऱ्याने बांधलेलं.

"माझ्या बापसाचा हाय," त्या म्हणाल्या. "तो चर्चमदी गायचा. आत त्याने लिवून ठेवलाय, कवा काय वाचायचा तां. आजारपणात बावीस. माझी आई पडून होती तवा आमी तांच वाचत होतू. तू वाच तिला. मना दिसत नाय."

मी कव्हरच्या आतली बाजू पाहिली. शाई तपकिरी झाली होती, पण अक्षर वळणदार आणि आकडे स्पष्ट होते. आजारपण, स्तोत्र २२. पुढे आणखी चार-पाच नोंदी. प्रवास, बाळंतपण, मयत. मला तो माणूस आवडला. असली यादी मीही केली असती.

आमच्या घरी मराठी बायबल आहे. लग्नात मिळालेलं, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये. खरं सांगायचं तर चोवीस वर्षांत मी ते वाचण्यासाठी उघडलेलं नव्हतं. त्यात रेशनकार्डाची झेरॉक्स, परगावी नोकरी करणाऱ्या मुलीचा बाप्तिस्म्याचा दाखला आणि जुन्या चष्म्याचा नंबर ठेवलेला असतो. हे सगळं काढून मी स्तोत्रं शोधली, बावीस काढलं आणि बायकोजवळ खुर्ची ओढली. अकरा वाजले होते. खिडकीतून ऊन तिच्या हातांवर आलं होतं.

"काय वाचतोस?" ती म्हणाली.

"आईने सांगितलंय. तुझ्या आजोबांनी लिहिलंय आजारपणासाठी."

"वाच. मी कुठे पळून जातेय."

मी कागद वाचतो तसा वाचतो. पहिल्या ओळीपासून, पुढे न डोकावता. त्यामुळे पहिलं वचन तोंडातून निघून गेलं तेव्हाच मला कळलं की काहीतरी चुकलंय. तो माणूस देवाला विचारत होता की मला टाकून का दिलंस. दुसऱ्या वचनात म्हणत होता, दिवसभर हाका मारतोय आणि तू ओ देत नाहीस.

मी थांबायला हवं होतं. पण यादीत बावीसच लिहिलं होतं आणि पानावरही बावीसच होतं. आकडे जुळत होते. मी आयुष्यभर जुळणाऱ्या आकड्यांवर विश्वास ठेवलाय, म्हणून मी वाचत राहिलो. पुढे बरं होईल असं वाटलं, पण ते आणखी बिघडत गेलं. तो माणूस स्वतःला किडा म्हणवतो. लोक त्याला बघून माना हलवतात आणि म्हणतात, देवावर एवढा भरवसा ना, मग सोडवू दे त्याला. तो पाण्यासारखा ओतला गेलाय. त्याचे सांधे निखळलेत. जीभ टाळूला चिकटलीय.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "काय वाचतंस रे तू? ह्यो नाय! ह्यो नाय तो!" आणि सासूबाई हातात डाव घेऊन दारात आल्या. "मेंढपाळाचा वाच! पाण्याजवल घेऊन जातो तो! ह्यो तर मेलेल्या मानसाचा हाय!"

"आई, यात बावीसच आहे हो."

"मग तुजा बायबल चुकीचा हाय!"

मी पुस्तक मिटायला गेलो.

"थांब," बायको म्हणाली.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कानांकडे, उशीवर. तिला ते पुसता येत नव्हतं. मी रुमाल काढला तर तिने मान हलवून नको म्हटलं.

"पुढे वाच."

"अगं, हे बरोबर नाहीये बहुतेक."

"पुढे वाच रे."

मी वाचलं. पुढच्याच एका वचनात तो माणूस म्हणतो की माझी सगळी हाडं मला मोजता येतात.

"मोजणारा आलाच मध्ये," ती म्हणाली, आणि रडता रडता तिला हसू फुटलं. आजारपणात मी ऐकलेलं ते तिचं पहिलं हसू. श्वास पुरत नव्हता, त्यामुळे ते अर्ध्यावरच राहिलं. सासूबाई डाव धरून उभ्याच होत्या.

"कोणी लिहिलंय हे?" तिने विचारलं.

"इथे दाविदाचं लिहिलंय."

"त्याला कसं ठाऊक, जीभ अशी चिकटते ते? नळी असताना तसंच व्हायचं. मी कोणालाच सांगितलेलं नाही." मग थोड्या वेळाने, "ओ मिळते का त्याला? शेवटी?"

मी पुढची वचनं आधी मनात वाचून बघितली. या वेळी मला धोका पत्करायचा नव्हता. मिळते. तो सांगतो की देवाने तोंड फिरवलं नाही, हाक मारली तेव्हा ऐकलं.

"कितव्या वचनाला?"

"चोविसाव्या. एकूण एकतीस आहेत. एकवीसपर्यंत तो ओरडतोच आहे. मध्ये मध्ये जुन्या आठवणी काढतो, आईच्या कुशीत होतो तेव्हापासून तूच माझा, वगैरे. पण परत ओरडतो."

"एकवीस वचनं," ती म्हणाली. "आणि बायबलमध्ये ठेवलीत. कोणी खोडली नाहीत." तिने डोळे मिटले. "माझं अजून एकविसाच्या आतच चाललंय. उद्या परत वाच."

तेव्हापासून रोज सकाळी मी ते वाचू लागलो. कामावर जायच्या आधी, साडेआठला, तिला पुसून झाल्यावर. काही दिवस ती सुरुवातीची दहाच वचनं वाचायला लावायची आणि म्हणायची, बस, आज इथपर्यंतच. काही दिवस चोविसाव्यापर्यंत. एकदा मी चुकून एक ओळ गाळली तर तिने लगेच पकडलं. मधूनच ती त्यात स्वतःचं घालायची. माना हलवणारे लोक आले की म्हणायची, "हे कालचे डबेवाले." रागावलेली असली तरी ती आता कोणाशी तरी रागावून बोलत होती. हा फरक मला कळत होता. सासूबाई सुरुवातीला कुरकुरल्या, मग त्याही येऊन बसू लागल्या.

त्या स्तोत्राने तिची पकड वाढली असं मी म्हणणार नाही. वहीत त्या आठवड्याचे आकडे आहेत. अठ्ठावीस, अठ्ठावीस, तीस, अठ्ठावीस. पकड नंतर वाढली ती फिजिओथेरपीने आणि वेळाने. मी फक्त जे झालं ते सांगतोय.

पण बावीसचा घोळ मला सोडवत नव्हता. सासूबाई म्हणत होत्या ते मेंढपाळाचं स्तोत्र मी पुढचं पान उलटून पाहिलं होतं. ते तेविसावं होतं. म्हातारीची आठवण पक्की, तिच्या वडिलांचं अक्षर पक्कं, आणि छापील पुस्तकही पक्कं. तीन बरोबर गोष्टींतून एक चूक निघाली होती. असलं काही पाहिलं की मला चैन पडत नाही.

पुढच्या शनिवारी सकाळच्या मिस्सेनंतर मी चर्चमागच्या घरात गेलो. तिथे एक निवृत्त फादर राहतात, आमचं लग्न त्यांनीच लावलं. व्हरांड्यात भिंग घेऊन पेपर वाचत होते. मी प्रार्थनेचं पुस्तक आणि बायबल दोन्ही त्यांच्यासमोर ठेवलं आणि अडचण सांगितली.

त्यांनी सुरुवातीच्या नोंदी भिंगातून पाहिल्या आणि हसू लागले. "हा माणूस लॅटिनमधून गाणारा होता ना?"

"हो. सासूबाईंचे वडील."

"मग त्याचा आकडा बरोबर आहे. आमच्या जुन्या लॅटिन बायबलात नववं आणि दहावं स्तोत्र एकच धरलेलं. तिथून पुढे सगळे आकडे एकाने मागे. शेवटाकडे पुन्हा थोडी जोडतोड करून बेरीज दीडशेवर आणलीय. हल्ली आपण दुसरी मोजणी वापरतो. त्याचं बावीस म्हणजे तुझं तेवीस."

"म्हणजे झिरो एरर," मी म्हणालो.

"ते काय असतं?"

मी सांगितलं. एखाद्या काट्यावर काहीच ठेवलेलं नसतं, तरी तो शून्याऐवजी एकावर उभा असतो. मग त्यावरचं प्रत्येक माप एकाने चुकतं. काटा बिघडलेला नसतो, फक्त तो फरक आपल्याला ठाऊक असावा लागतो.

फादरनी हे दोनदा म्हणून घेतलं. झिरो एरर. मग विचारलं, "आणि तू चुकीचं वाचलंस तेव्हा ती काय म्हणाली?"

मी सगळं सांगितलं. तोंड न उघडणं, बहिरी होते का म्हणाली ते, एकवीस वचनं. अंकलना खोटं बोललो तेही. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"तू वाचलंस ना, त्याची पहिली ओळ क्रुसावरून प्रभू स्वतः म्हणाला," ते म्हणाले. "झावळ्यांच्या रविवारी आपण ते गातो. दर वर्षी."

पन्नास वर्षांत एक-दोन वेळा सोडलं तर ईस्टरच्या आधीच्या त्या झावळ्यांच्या रविवारी दर वर्षी मी चर्चमध्ये होतो. म्हणजे निदान पंचेचाळीस वेळा ते माझ्या कानावरून गेलं असणार. मी हातातल्या झावळीची पट्टी विणत बसलेलो असेन, नाहीतर घड्याळ बघत.

"तिला काय सांगू, फादर?"

"काही सांगू नकोस. पुष्कळांनी सांगून झालंय." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "ज्याने टाकलं असं वाटतं, त्यालाच ती विचारतेय, का टाकलंस म्हणून. दाराआड कोणी नाही अशी खात्री असली तर माणूस दार वाजवत नाही रे. आणि त्या खोट्याचं पापनिवेदन आत्ता इथेच कर, नाहीतर महिनाभर मोजत बसशील."

मी केलं. त्यांनी प्रायश्चित्त म्हणून तेविसावं स्तोत्र म्हणायला सांगितलं. "तुझं तेवीस," असं स्पष्ट करून.

घरी येऊन मी बायकोला आकड्यांचा खुलासा केला. तिला मजा वाटली. "म्हणजे आजोबांना मला कुरणात न्यायचं होतं आणि तू खड्ड्यात नेलंस."

"परत कुरणातलं वाचू का?"

"नंतर," ती म्हणाली. "आधी इथून निघू दे. आणि तो कुरणवाला पण आधी या खड्ड्यातूनच गेला असेल. पुस्तकात आधी बावीस आहे ना? मग तेवीस?"

मी म्हणालो, हो. हा हिशेब माझ्या डोक्यात आला नव्हता.

पुढचा पहिला शुक्रवार आला. मी अर्धा दिवस रजा टाकली. तिला काही विचारलं नाही. सासूबाईंनी कापड घातलं, मेणबत्ती लावली, आणि त्याही काही बोलल्या नाहीत, जे त्यांच्या बाबतीत मोठंच होतं. अंकल बरोबर दहाला आले.

ते प्रार्थना सुरू करणार तेवढ्यात बायको म्हणाली, "अंकल, आधी आमचं वाचन असतं. पाच मिनिटं. बसाल?"

अंकलनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांची पुढची घरं वाट बघत होती. मग डबी छातीशी धरून ते खुर्चीवर टेकले.

मी वाचलं. पहिल्या ओळीला अंकलच्या भुवया वर गेल्या. विसाव्या वचनाच्या आसपास त्यांची मान खाली गेली. त्यांची बायको सहा वर्षांपूर्वी गेली, हे मला ठाऊक होतं, पण तोपर्यंत कधी आठवलं नव्हतं. चोविसाव्या वचनाशी मी थांबलो, कारण बायको आधी तिथे थांबायला लावायची. ती म्हणाली, "थांबू नकोस. पुरं कर."

मी एकतिसावं वचन वाचून पुस्तक मिटलं. अंकल उठले. "ख्रिस्ताचं शरीर," ते म्हणाले.

ती म्हणाली, "आमेन," आणि तोंड उघडलं.

सासूबाई पदराने डोळे पुसत आत गेल्या. अंकलनी नेहमीसारखा तिच्या कपाळावर क्रूस काढला. चहाला थांबा म्हटलं तर म्हणाले, उशीर झालाय. पण ओटल्यावर ते जरा वेळ उभे राहिले आणि मला विचारलं, "ते कितवं होतं हो?"

"बावीस," मी म्हणालो. "नव्या मोजणीने."

आत आलो तेव्हा ती छताकडे बघत पडली होती.

"अजून रागावलेय हां मी," ती म्हणाली.

"कोणावर?"

"तुझ्यावर कशाला? त्याच्यावर."

"मग घेतलंस कसं?"

"तुझ्यावर रागावते तेव्हा जेवायला शेजारी जाते का मी? जेवते घरीच ना." आणि मग, "आज मला टेबलावर बसव. पलंगावर जेवून कंटाळा आला."

ती दीड महिना घरी होती आणि तोवर एकदाही पलंग सोडून जेवली नव्हती. फिजिओथेरपिस्ट बाईंनी व्हीलचेअरमध्ये बसवायची रीत शिकवली होती, पण तिनेच आतापर्यंत नको म्हटलं होतं. मी तिच्या काखेखाली हात घातले, सासूबाईंनी पाय धरले. अर्ध्यावर तिचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडलं आणि आम्ही तिघंही तसेच थांबलो. "सोडू नका रे," ती म्हणाली. आम्ही सोडलं नाही. मागे उशा, बाजूंना उशा, छातीशी ओढणीची गाठ, असं करत ती एकदाची टेबलाशी बसली.

सासूबाईंनी तिच्यासमोर ताट ठेवलं. भात, बोंबलाचं कालवण. मी चमचा उचलला तर ती म्हणाली, "दे माझ्या हातात." मी तिच्या बोटांत चमचा अडकवला आणि मनगटाखाली माझा हात धरला. पहिला घास वाटेतच सांडला. दुसरा अर्धा पोचला.

"काय बघतंस?" सासूबाई मला म्हणाल्या. "तू पन जेव आता."